गाडी पाठवतो म्हणाले

"पाणी विकतात मेले, पाणी!" आपोंडीनं खोक्याच्या तळाशी हात घातला आणि झटकन बाहेर काढला. "वर मासा, खाली बर्फ, आणि वजन सगळ्याचं. एवढं मोठं लोल्वे सरोवर दारात पसरलंय, आणि आम्ही चीनमधून पाणी विकत आणतोय."

"हळू बोल," अदोयो म्हणाली.

"हळूच बोलतेय. मोठ्यानं बोलले असते तर तिकडं तुझ्या सासूला ऐकू गेलं असतं."

आपोंडीच्या परसात शेराचं कुंपण माणसापेक्षा उंच वाढलं होतं, म्हणून हे काम तिथं चालायचं. पाच-सहा बायका उकिडव्या बसलेल्या, मधे तीन दगडांच्या चुलीवर पसरट कढई, आणि कुंपणाच्या कडेला ती पुठ्ठ्याची खोकी. खोक्यावर निळ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं असायचं, ते कुणालाच वाचता येत नसे. मासा मात्र ओळखीचा होता, लोल्वेतलाच न्गेगे, म्हणजे त्याचा कुणीतरी चुलतभाऊ. सगळे एका मापाचे, एका साच्यातून काढल्यासारखे, एकमेकांना चिकटून दगड झालेले. डोळे पांढरे. आपल्या माशाचा डोळा मेल्यावरही तुमच्याकडे बघतो. ह्यांचे डोळे कुणाकडेच बघत नसत.

लादी फोडायची एकच रीत होती. दोन्ही हातांनी उचलायची आणि दगडावर आपटायची. अदोयोनं उचलली, आपटली. ठक. पुन्हा उचलली. ठक.

आवाज तिच्या हातांतून खांद्यात चढला आणि ती थांबली. दुसऱ्या कुणाला काही वाटलं नाही. तिला मात्र वाटायचं, दर वेळी वाटायचं. ओगुतु, तिचा नवरा, होडी किनाऱ्याला लावताना वल्हं काठावर असंच दोनदा आपटायचा. ठक, ठक. म्हणजे, टोपली घेऊन ये गं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यानं किनाऱ्यावरून तिला कधी हाक मारली नाही. वल्हंच हाक मारायचं.

कुंपणापलीकडे पावलं वाजली. भराभर, अनवाणी, म्हाताऱ्या माणसाची पावलं.

"आला का गं?" सासू फटीतून आत आली. धाप लागलेली, डोक्याचा रुमाल सुटून खांद्यावर आलेला. "वल्ह्याचा आवाज आला. ओगुतु आला का?"

बायकांचे हात जागच्या जागी थांबले. एकीनं कढईवर झाकण टाकलं. आपोंडी मोठ्या अंगाची बाई, तिनं सगळ्यात सोपं केलं. फुटलेल्या खोक्यावरच बसली आणि घागरा चहूकडे पसरून दिला.

"लाकडं फोडत होते, आई," ती म्हणाली.

म्हातारीनं लाकडांकडे बघितलं. मग आपोंडीच्या पायांकडे. घागऱ्याखालून पाण्याचा ओघळ निघून मातीतून हळूहळू तिच्याच दिशेनं येत होता.

"हे पाणी कसलं?"

"वय झालं, आई," आपोंडी मान खाली घालून म्हणाली. "सहा बाळंतपणं झाली. आता काय काय सांगू तुम्हाला."

इतर वेळी ह्यावर परसात हसून हसून लोळण पडली असती. म्हातारीनं सुनेकडे बघितलं, सुनेच्या लाल झालेल्या बोटांकडे बघितलं, रुमाल डोक्याला बांधला आणि आली तशी परत गेली.

आपोंडी उठली. घागरा मागून चिंब भिजला होता, त्याला माशाचे खवले चिकटले होते. कुणी हसलं नाही.

"सांग ना तिला," आपोंडी म्हणाली. "तू सून आहेस."

"तू शेजारीण आहेस. तू सांग."

"मी तर तिच्यासाठी घागऱ्यात मुतलेसुद्धा. अजून काय करू?"

*

म्हातारीचं माहेर आलेगोचं, म्हणून सगळा गाव तिला आलेगोवाली म्हणायचा. खरं नाव घेणारी माणसं एकेक करून गेली होती.

ओगुतुची होडी रिकामी आली त्या दिवसापासून किनाऱ्यावरच्या सगळ्या होड्या उपड्या होत्या. ही रीतच आहे. पाण्यात माणूस राहिलं की पाणी बंद. ते सापडेपर्यंत कुणी जाळं टाकत नाही. ज्या पाण्यात आपला माणूस आहे त्या पाण्यातून पोट कसं भरणार? जाळी काठ्यांवर वाळत पडली होती. इतकी वाळली होती की वारा सुटला की कोरड्या पाल्यासारखी सळसळायची. ओगुतुची होडी वाऱ्यानं स्वतःच आणून लावली होती, जणू रस्ता पाठ होता. आत वल्हं होतं, मागे छोटं इंजिन होतं, कंदील होता, भाकरीचं फडकं होतं, तेही घडी घातलेलं. त्यानं फडक्याची घडी घातली म्हणजे जेवून झाल्यावर गेला, एवढंच अदोयोला कळलं होतं. तेवढ्यावर ती दिवस काढत होती.

सकाळ झाली की आलेगोवाली किनाऱ्यावरच्या खडकावर जाऊन बसायची. लांबून जलपर्णीची बेटं तरंगत यायची, आणि त्यांतलं एखादं माणसाच्या पाठीसारखं दिसायचं. मग पोरं धावायची, पुरुष कमरेएवढ्या पाण्यात शिरायचे, आणि हिरवा पाला हातात घेऊन परत यायचे. आता आता धावणंही कमी झालं होतं. लोक पाण्याकडे पाठ करून बसायला शिकले होते.

अशा वेळेसाठीही रीत आहे. माणूस सापडलंच नाही तर यागोच्या झाडाचं फळ आणतात. हातभर लांब, जड, भोपळ्यासारखं फळ. ते चादरीत गुंडाळून अंगणात, त्या माणसाच्या जागी पुरतात. मग जीव भटकत नाही, बायको विधवा होते, पाणी उघडतं. पण ते फळ आणायचं की नाही हे आईनं सांगायचं असतं, आणि आलेगोवाली सांगत नव्हती.

"फळ पुरतात ज्यांना कुणी शोधायला येत नाही त्यांचं," ती म्हणायची. "आपल्याकडे येतील."

आणि मग ती धाकट्या दिराची गोष्ट सांगायची. ती गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. तिच्या लग्नानंतर लगेचच धाकटा दीर बुडाला. पाणी बंद झालं. किसुमुच्या बाजारात मासा संपला. शहरातल्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन परतल्या, खानावळींत चुली थंड पडल्या. मग शहरातले मोठे व्यापारी गाडी घेऊन इथं आले, टोप्या हातात धरून सासऱ्यांसमोर उभे राहिले. विचारलं, काय झालं, आम्ही काय करू? आणि मोटरबोट आणली, माणसं आणली, मोठी जाळी आणली, आणि दिवस मावळायच्या आत दिराला शोधून आईच्या पुढ्यात ठेवलं.

"शहराची चूल विझली की शहराला आपली आठवण होते," आलेगोवाली म्हणायची. "थांबा जरा. आज ना उद्या गाडी येईल."

ऐकणारे मान हलवायचे. आणि घरोघर, झाकण घातलेल्या कढईत, खोक्यातला मासा शिजायचा.

आलेगोवाली मासा खात नव्हती. पाला आणि मक्याच्या पिठाची उगाली, बस. उगालीचा गोळा पुढ्यात घ्यायची, पहिला घास तोडून बाजूच्या ताटलीत ठेवायची. ती ताटली ओगुतुची. अदोयोची दोन मुलं आपलं ताट घेऊन आपोंडीकडे जेवायला जायची, आणि परत यायच्या आधी अदोयो त्यांचे हात राखेनं घासायची, वास राहू नये म्हणून.

*

किनाऱ्याचा चेअरमन ओबुया एका दुपारी घरी आला. सोबत अदोयोचा दीर ओल्वेनी. सख्खा भाऊ, एकाच होडीवर ओगुतुबरोबर वाढलेला, पण आज पाहुण्यासारखा दाराशीच उभा राहिला.

ओबुया बसला. चहा घेतला. चहात साखर छान आहे म्हणाला. पाऊस लांबलाय म्हणाला. मक्याला कणसं धरलीत पण दाणा नाही म्हणाला. मग कपातल्या गाळाकडे बघत म्हणाला, "शाळेमागच्या यागोला यंदा फळ भरपूर आलंय."

"असू दे," आलेगोवाली म्हणाली. "वटवाघळं खातील."

"आई, मी आपलं सांगितलं."

"मीही आपलं सांगितलं. चहा घे, गार होतोय."

ओबुयानं ओल्वेनीकडे बघितलं. ओल्वेनी दाराच्या चौकटीतला खिळा बोटानं चाचपत होता. शेवटी ओबुयाच म्हणाला, "किनाऱ्यावर एकोणीस होड्या आहेत, आई. घरं त्याच्या दुप्पट. पोरांच्या पोटाचं..."

"माझ्या नातवंडांची पोटं दिसतायत का रिकामी?" म्हातारी म्हणाली. "बघ तिकडे. चांगली तुकतुकीत आहेत. पाला-भाकरीवर वाढतायत. आमच्या घरात कुणी रडत नाही, तर बाकीची घरं कशाला रडतात?"

मुलं अंगणात होती. खरंच तुकतुकीत होती. अदोयोनं पदर तोंडाशी धरला आणि चुलीकडे तोंड केलं. ओबुयालाही ठाऊक होतं मुलं कशावर तुकतुकीत आहेत, त्याच्याच बायकोनं सकाळी अर्धं खोकं नेलं होतं. तो उठला. "बरं," म्हणाला. "थांबू मग."

अदोयो ओल्वेनीच्या मागोमाग कुंपणापर्यंत गेली.

"तुम्ही तरी बोला तिच्याशी, भाऊजी."

"काय बोलू?" तो पाण्याकडे न बघता म्हणाला. "म्हणू की दादाबरोबर मी का गेलो नाही? मी म्हटलं त्याला, माशाच्या ह्या भावात पेट्रोल जाळून बेटांच्या पलीकडे कशाला जायचं. जवळ काही उरलं नाही, लांब गेलं तर पलीकडच्या देशाचे शिपाई धरतात. आणि आणलाच मासा तर बाजारात बाया काय म्हणतात? चायनाच्या भावात देता का? त्यांचा मासा माणसाकडे चालत येतो, वहिनी. आपल्या माणसाला माशामागे जावं लागतं."

"मग ते काय म्हणाले?"

"काही नाही. म्हणाला, लांब मोठे आहेत. एवढे मोठे की बघून कुणी चायना म्हणणार नाही."

बाजारातून आल्यावर रोज संध्याकाळी भाव अदोयोच सांगायची. आज इतके. आज त्याहून कमी. ऐकून ओगुतु फक्त पाय धुवायचा.

*

"किसुमुला जा," सासू सकाळी म्हणाली. "त्यांना कळलं नसेल. आताशा माणसं आपल्या कामात असतात. मासेबाजारातल्या मोठ्या माणसाला भेट. सांग, आलेगोवालीच्या ओगुतुचं पाणी बंद आहे. एवढंच सांग. पुढचं त्यांना कळतं."

अदोयो गेली. आपोंडी बरोबर होतीच, खोकी संपली होती. प्रवाशांनी भरलेल्या मटाटू गाडीत दोघी मागच्या बाकावर रिकाम्या टोपल्या मांडीवर घेऊन बसल्या. समोरून बर्फगाडी गेली, मासळीच्या कारखान्याची.

"त्यात आपला मोठा मासा," आपोंडी म्हणाली. "तो विमानातून जातो, गोऱ्यांच्या ताटात. त्यांना वाटतं आम्ही इथं काय मजेत खात असू. आणि आमच्यासाठी कुणाचा तरी बारका मासा जहाजातून येतो. मध्येच कुठं भेटत असतील का गं दोघं? एकमेकांना नमस्कार करत असतील?"

"गप बस."

"गप बसले तर रडशील. म्हणून बोलते."

शीतगृह बाजाराच्या मागच्या अंगाला होतं. दार उघडलं की पांढरी वाफ बाहेर यायची आणि रस्त्यावर माणसांच्या पायांशी घोटाळायची. तिथला ओचोला मॅनेजर चांगला माणूस होता. जाड कोट घालून फिरायचा, बाहेर ऊन मी म्हणत असायचं तेव्हासुद्धा. बायकांना वहिनी म्हणायचा, खोकं उचलून डोक्यावर द्यायला स्वतः हात लावायचा. बाजारात मोठा माणूस म्हणून आता तोच उरला होता. जुन्या व्यापाऱ्यांपैकी एकाचं सिमेंटचं दुकान होतं आणि एक देवाघरी गेला होता.

"नेहमीचीच?" त्यानं विचारलं.

आपोंडीनं बोटं दाखवली. अदोयो पुढं झाली. वाटेत तिनं वाक्य घोळवून ठेवलं होतं, पण त्या गार वाफेपुढे ते गोठलं. तिनं भलतंच विचारलं.

"दादा, हा एवढ्या लांबून येतो. मग स्वस्त कसा?"

ओचोला हसला. त्याला हा प्रश्न आवडला असावा, कारण त्यानं हातातलं खोकं खाली ठेवलं.

"लांबून येतो म्हणूनच म्हणा की. तिकडं तळी खणतात, वहिनी. आपल्याकडे मक्याची शेतं तशी तिकडं माशांची. खाणं टाकलं की मासा आपणहून वर येतो. कुणाला बुडायची भीती नाही. पोरींच्या रांगा बसतात, एक खवले काढते, एक पोट फोडते. मग एका जहाजात डोंगराएवढा मासा भरतात. त्या जहाजाचं भाडं सगळ्यांनी वाटून घेतलं की एका माशाच्या वाट्याला चिमूटभर येतं. तिकडचं सरकार त्यांना हात देतं. इकडचं सरकार बंदराचं दार उघडं ठेवतं. आणि आपला मासा?" त्यानं खांदे उडवले. "एका होडीत चार मासे. त्या चौघांनी मिळून पेट्रोल भरायचं, बर्फ घ्यायचा, खड्ड्यांच्या रस्त्यानं यायचं. मध्ये गाडी बिघडली की सडायचं. त्यांचा मासा वऱ्हाडानं येतो, वहिनी. तुमचा एकटा येतो."

अदोयोच्या डोळ्यांपुढं एक होडी आली. आत कोणी नाही, आणि ती एकटी येतेय.

"आमचं पाणी बंद आहे," ती म्हणाली. "माझा नवरा... ओगुतु. आलेगोवालीचा. पाणी बंद आहे."

ओचोलानं टोपी काढली. खरंच काढली. क्षणभर तिला वाटलं, म्हातारीची गोष्ट खरीच आहे तर.

"अरेरे," तो म्हणाला. "फार वाईट झालं. मला कसं कळलं नाही? बाजारात कुणी बोललं नाही."

"बाजारात मासा कमी पडला नाही का?"

त्याला प्रश्न समजला नाही. किंवा समजला आणि चांगुलपणानं त्यानं तो बाजूला ठेवला. "नाही वहिनी, त्याची काळजी नको. माल भरपूर आहे." मग तो विचारात पडला. "सगळा किनारा बंद म्हणजे घरोघर खायलाच नसेल. आणि तुम्ही दुःखात असून मटाटूनं हेलपाटे घालताय, डोक्यावर ओझं. असं नका करू. मी परवा गाडीच पाठवतो. तुमच्या दारात. भावही जरा कमी लावायला सांगतो, सुतक आहे तुमचं."

त्यानं तिच्या टोपलीत दोन मासे जास्त टाकले आणि पैसे घेतले नाहीत. आपोंडी तिच्या कोपराला धरून बाहेर घेऊन आली, तेव्हा अदोयोच्या लक्षात आलं की आपण त्याला धन्यवाद म्हणालो.

*

म्हातारी कुंपणाशी उभीच होती.

"भेटले?"

"भेटले."

"काय म्हणाले?"

टोपली आपोंडीच्या घरी ठेवून आली होती. हात राखेनं घासले होते. अदोयोनं त्या हातांकडे बघितलं.

"टोपी काढली त्यांनी," ती म्हणाली. "वाईट वाटलं त्यांना. परवा गाडी पाठवतो म्हणाले."

ह्यात एकही शब्द खोटा नव्हता. ते बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता पुढचं बोलावं, आत्ता, ताबडतोब. पण सासूनं दोन्ही हातांत तिचं तोंड धरलं होतं. ते हात सुक्या जाळ्यासारखे होते.

"बघ," सासू म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं? बघ."

त्या रात्री म्हातारी गाढ झोपली. होडी आली त्या दिवसापासून पहिल्यांदा. अदोयो शेजारी पडून तिचा श्वास ऐकत राहिली आणि ठरवलं, उद्या सकाळी सांगू.

सकाळी म्हातारीनं अंगण झाडून घेतलं, शेणानं सारवलं. एकच कोंबडी होती, ती खुराड्यात कोंडली, पाहुण्यांसाठी. पेटी उघडून पांढरी चादर काढली. ओगुतुच्या लग्नातली. ती धुतली, शेराच्या कुंपणावर वाळत घातली आणि दिवसभर तिला वारा लागेल अशी फिरवत राहिली.

"गारठला असेल," ती म्हणाली. "त्यांच्याकडची चादर आखूड असते. त्या वेळी दिराचे पाय उघडे राहिले होते. आपला तर त्याच्याहून उंच."

"आई," अदोयो म्हणाली.

"काय?"

"काही नाही. दुसऱ्या टोकाला धरते."

दोघींनी मिळून घडी घातली. चार हात, दोन घड्या, मग चार, मग आठ. घडी घालताना दोघी जवळ जवळ येत गेल्या, शेवटी बोटांना बोटं लागली.

बातमी किनारभर गेली होती. पण कुणी येऊन म्हातारीला काही विचारलं नाही. आपोंडी कुंपणाशी दोनदा आली, अदोयोकडे बघून भुवया उंचावल्या, अदोयोनं मान हलवली, ती परत गेली. ओबुया शाळेच्या वाटेवर दिसला आणि आलेगोवाली दिसताच त्याला बुटाची लेस बांधायची आठवण झाली. ओल्वेनी उपड्या होडीपाशी बसून एक दोर वळत होता. दोर चांगला होता, तो उलगडून पुन्हा वळत होता.

"ओल्वेनी!" म्हातारीनं हाक मारली. "होडी सरळ कर. मोटरबोटीला वाट दाखवायला कुणीतरी आपलं पुढं लागेल."

त्यानं भावाची होडी सरळ केली. वल्हं आत ठेवलं. ठेवताना काठाला लागून एकदा वाजलं, आणि त्यानं दुसऱ्यांदा वाजू नये म्हणून घट्ट धरलं.

*

गाडीच्या दिवशी आलेगोवाली उजाडायच्या आधी नटून बसली. चर्चमध्ये घालायचा निळा झगा, डोक्याला पांढरा रुमाल. किनाऱ्याचा रस्ता जिथं सडकेला मिळतो तिथल्या दगडावर, मांडीवर चादर घेऊन.

ऊन चढलं तसे लोक जमत गेले. कुणी बोलावलं नव्हतं. बायका पदराखाली रिकामी घमेली झाकून आल्या, पुरुष हात मागे बांधून. सगळे म्हातारीपासून थोडे लांब उभे राहिले, मयताच्या घरी उभे राहतात तसे. अदोयो तिच्या बाजूला बसली. उकडत होतं. चादरीचा साबणाचा वास येत होता. बोलायला सबंध सकाळ मिळाली होती, आणि सबंध सकाळ ती म्हातारीच्या पायावरची माशी हाकलत राहिली.

लांब धूळ उठली.

"आली," म्हातारी म्हणाली आणि उभी राहिली. अदोयोनं तिच्या कोपराला धरलं. "मोठी आहे गं गाडी. त्या वेळच्याहून मोठी. मोटरबोट आतच असणार."

गाडी पांढरी होती, चकचकीत. अंगावर एक मासा रंगवलेला, तोंड भरून हसणारा. वर भोंगा. गाण्याचा आवाज आधी आला, मग गाडी. सडकेवरून वळली आणि म्हातारीच्या पुढ्यात येऊन थांबली. गाणं बंद झालं. मागचं दार उघडलं आणि पांढरी वाफ बाहेर पडून जमिनीवरून पसरत तिच्या पायांपर्यंत आली.

म्हातारीनं पाय मागे घेतला नाही. तिनं चादर दोन्ही हातांवर आडवी धरली.

टोपी घातलेला माणूस खाली उतरला. टोपी त्यानं काढली नाही, पण नमस्कार नीट केला. त्याला मॅनेजरनं सांगितलं असावं. "आजी, वाईट वाटलं ऐकून," तो म्हणाला. "साहेबांनी मुद्दाम पाठवलंय. काही काळजी करू नका, आता रोज येत जाऊ."

"रोज नको रे बाळा," म्हातारी म्हणाली. "आज सापडला म्हणजे झालं. माणसं किती आणलीस?"

"माणसं? मी आणि ड्रायव्हर."

"दोघंच?" ती गाडीत वाकून बघू लागली. आत खोकीच खोकी, छतापर्यंत, निळ्या अक्षरांची. तिच्या कपाळावर आठी पडली, पण तिनं ती पुसून टाकली. लहान मुलाला समजावून सांगावं तसं म्हणाली, "आधी हे उतरवून घ्या. बोट ह्याच्या मागे असेल ना? आमचा ओल्वेनी वाट दाखवेल. होडी सरळ करून ठेवलीय."

टोपीवाल्यानं लोकांकडे बघितलं. कुणी त्याच्याकडे बघेना. आपोंडीनं तोंडात पदर कोंबला होता. ओबुया बुटांकडे बघत होता. ओल्वेनीच्या हातात तो दोर होता, वळून तयार.

टोपीवाल्यानं मग त्याला जे यायचं ते केलं. वरचं खोकं खाली ओढलं, लादी काढली, आणि मासे सुटे व्हावेत म्हणून गाडीच्या लोखंडी पायरीवर आपटली. ठक. ठक.

म्हातारीनं झटकन पाण्याकडे मान वळवली. पाणी शांत होतं. सरळ केलेली होडी काठाला होती, आत कुणी नव्हतं. मग तिनं मान परत वळवली. त्या लादीकडे बघितलं. त्या माणसाच्या हातांकडे, थंडीनं लाल झालेल्या बोटांकडे बघितलं. आणि हळूच, काहीतरी आठवत असल्यासारखं, सुनेच्या बोटांकडे बघितलं.

"अदोयो," ती म्हणाली. "हे काय घेऊन आलेत गं?"

अदोयोनं तिच्या हातांवरची चादर काढून घेतली. जड नव्हती, पण तिला दोन्ही हात लागले.

"आई, ते शोधायला नाही आले," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, मागच्यांनाही ऐकू जाईल असं. "मासा विकायला आलेत. आपण पाणी बंद केलं, आणि शहरात एकसुद्धा चूल विझली नाही. आपल्या घरातलीही नाही."